उत्तरेचा उजेड

काल दुपारी मैंदर्गीहून एसटीनं हुरडा आला. खताच्या धुतलेल्या पिशवीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेली कोवळी कणसं. पाठवणारा माझा मेहुणा मल्लू. त्याचा फोन आधीच आला होता, "दाजी, कंडक्टरकडं दिलोय बघा. येळंवर जावा, न्हाईतर गाडी तशीच डेपोत जातीय." मी कामावरून लवकर निघून वेळेच्या अर्धा तास आधी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. हुरडा यावा असं मला मनापासून वाटत होतं का, हे मात्र विचारू नका. गेली दोन वर्षं ही पिशवी घरात आली की मला भीती वाटते. साठीला आलेल्या माणसानं ज्वारीच्या कणसांना भ्यावं, हे सांगायलाही लाज वाटते.

आज सुट्टीच्या सकाळी मंदा, म्हणजे माझी बायको, ओट्याशी उभी राहून जाळीवर कणसं भाजत होती. फ्लॅटमध्ये आगटी कुठून पेटवणार? गोवऱ्यांचा धूर नाही, काळ्या रानातला वारा नाही, तरी भाजल्या ज्वारीचा तो दुधट, गोडसर वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला. भाजलेलं कणीस ती तळहातांत चोळत होती, फुंकर मारून कूस, ती बारीक कुसळं, उडवत होती, दाणे ताटलीत सोडत होती. शेजारी शेंगाचटणी काढून ठेवलेली. मी पेपर वाचण्याचं सोंग करत तिच्याकडे बघत होतो. तिनं डावा तळवा खाजवला. मग मनगट. मग पुन्हा तळवा. माझ्या हातातला पेपर मांडीवर पडला.

मी रंगमास्तर. चादरीच्या सुताला रंग देण्याच्या कारखान्यात माझी चौतीस वर्षं गेली. गिऱ्हाईक एक चिंधी आणून टाकतं, 'हाच पिवळा पाहिजे' म्हणतं, आणि तोच पिवळा काढून द्यायचा, हे माझं काम. लोकांना पिवळा म्हणजे पिवळा. मला हळदी वेगळा दिसतो, लिंबू वेगळा, झेंडू वेगळा, हरभऱ्याच्या डाळीचा वेगळा. कारखान्याला उत्तरेला एक मोठी खिडकी आहे. तिथून ऊन कधी आत येत नाही, नुसता उजेड येतो, दिवसभर एकसारखा. रंग जुळला की नाही, हे त्या खिडकीत उभं राहूनच ठरवायचं. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो, हे मी कामावर आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतो. आणि कुणी ट्यूबखाली नमुना धरलेला दिसला की त्याची अशी खरडपट्टी काढतो की तो पुन्हा धरत नाही.

आणि घरी काय? पूर्वी सकाळी सातला बाहेर, संध्याकाळी साडेसातला आत. माझ्या बायकोला मी वर्षानुवर्षं ट्यूबलाइटखाली बघत आलो होतो.

दोन वर्षांपूर्वी हंगामाची पहिली पिशवी आली आणि मंदा खाजवू लागली. त्यात नवल काय? हुरडा चोळला की कूस लागते, कूस लागली की खाज सुटते. आमच्या भागात हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. मी खोबरेल तेलाची बाटली पुढे केली. चार दिवस गेले, आठ दिवस गेले. "एवढे दिवस कूस राहते का गं?" मी विचारलं. "साडीत बसलीय. धुतल्याबिगर जाईना," ती म्हणाली. मग तिनं घरातल्या सगळ्या साड्या धुतल्या, चादरी धुतल्या, गादीला ऊन दाखवलं. तळपाय खाजवत खाजवत ती मालिका बघायची आणि मी हसायचो. तिच्या उशीच्या अभ्र्यावर पिवळसर डाग पडला होता, तो मी बघितला होता. 'हळद लागलीय,' असं मीच तिला सांगितलं. चौतीस वर्षांच्या रंगमास्तराला हळदीचा डाग ओळखता आला नाही.

मग एका रविवारी आम्ही मैंदर्गीला रानात गेलो. मल्लूनं आगटी पेटवली होती. ज्वारी पुरुषभर उंच, पानांवर सकाळचं दव, आणि मंदा बांधावर उन्हाकडे तोंड करून बसलेली. मल्लू कणसं घेऊन आला आणि तिच्यासमोर थबकला.

"अक्का, हिकडं बघ गं जरा. डोळं उघड."

"काय झालं रं?"

त्यानं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि माझ्याकडे वळला. "दाजी, हिचं डोळं पिवळंधम्मक झाल्यात की! तुमास्नी दिसंना व्हय?"

मी बघितलं. हरभऱ्याच्या डाळीचा पिवळा. बोट ठेवून सांगावा इतका स्पष्ट. तो रंग एका दिवसात चढला नव्हता, हेही मला कळलं. आधी फिका लिंबू असणार, मग गडद, मग हा. रंगाचे ते सगळे हात माझ्या डोळ्यांसमोर चढले होते आणि मी चहा मागत होतो. माझ्या हातातला हुरडा मी तसाच धरून बसलो. त्या दिवशी मी एक दाणासुद्धा खाल्ला नाही.

शेजारच्या वस्तीवर एक आजोबा काविळीची माळ देतात. कुठल्याशा वेलीच्या ओल्या काड्यांचे बारके तुकडे सुताच्या गाठींत गुंफलेले. देताना ती जेमतेम डोक्यातून आत जाते. कावीळ उतरेल तशी माळ वाढते, छातीवर येते, बेंबीपर्यंत येते, असं म्हणतात. आजोबांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांनी काही मागितलं नाही, आणि निघताना स्पष्ट बजावलं, "माळ घाला, पन दवाखान्यात बी दाखवा, बाळ." त्यातलं पहिलं आम्ही ऐकलं.

मी रोज सकाळी टेप घेऊन माळ मोजत होतो. पहिल्या दिवशी दोन बोटं वाढली. तिसऱ्या दिवशी वीतभर. घरातली हळद बंद, तेल बंद, उसाचा रस सुरू, आणि माळ वाढतेय! मी मल्लूला फोन करून आकडे सांगत होतो. नवव्या दिवशी माळ बेंबीला टेकली. त्याच दिवशी मंदानं मान खाली घालून सांगितलं की लघवी काळ्या चहासारखी होतेय आणि संडास राखेसारखी पांढरी. "कधीपासून?" "झालं की लई दिस. पन माळ तर वाढालीय न्हवं?"

ओली काडी वाळली की आकसते. काडी आकसली की गाठ सैल पडते आणि सूत सुटतं. ती माळ भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली असती तरी तेवढीच वाढली असती. हे सुतात जन्म घालवलेल्या माणसाला कुणी शिकवायला हवं होतं का? नको होतं. मला ते कळत होतं. कळून घ्यायचं नव्हतं, एवढंच. माणूस घाबरला की त्याला कळेनासं होत नाही, त्याला कळायला नको असतं. ते नऊ दिवस मी अजून स्वतःला माफ केलेले नाहीत.

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी मशीन पोटावरून फिरवता फिरवता बोलणं थांबवलं. यकृतातल्या पित्ताच्या नळ्या फुगल्या होत्या, खाली वाट अडली होती. पाठोपाठ एमआरआय झाला. खडा नव्हता. मुख्य पित्तनळीच्या मधोमध एक गाठ होती.

ज्या सर्जन बाईंकडे आम्हाला पाठवलं, त्या माझ्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी एका कोऱ्या कागदावर यकृत काढलं, त्यातून निघणाऱ्या दोन नळ्या, त्या जुळून झालेली एक नळी, आणि तिच्यात एक काळा ठिपका. "या जागी गाठ असली की बहुतेक वेळा ती कर्करोगाची असते," त्या म्हणाल्या. त्यांनी आवाज बारीक केला नाही की जवळ सरकल्या नाहीत, सरळ सांगितलं. "साध्या गाठीही असतात. पण फार क्वचित. मी स्वतः आजवर दोनच पाहिल्यात."

"साधी असली तर कळेल कसं?" मी विचारलं.

"काढल्यावर."

"काढायच्या आधी?"

"आधी खात्रीनं नाही कळत, काका. हाच तर त्रास आहे."

तोंडातून दुर्बीण घालून त्यांनी नळीत एक बारीक प्लॅस्टिकची नळी बसवली, स्टेंट म्हणतात ती, म्हणजे अडलेलं पित्त वाहू लागेल. त्याच वेळी गाठीवरून ब्रश फिरवून पेशी घेतल्या. तपासणीत कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. मी खुर्चीतून उठलोच. "बसा," बाई म्हणाल्या. "ब्रशला लागल्या नाहीत, याचा अर्थ तिथं नाहीत असा होत नाही." गाठ काढावीच लागणार होती. पित्ताशय आणि गाठीची नळी काढायची, आतड्याचं एक वेटोळं वर आणून यकृताजवळच्या नळीला शिवायचं. ऑपरेशन चालू असतानाच गाठीचा तुकडा तपासायचा. तो वाईट निघाला तर यकृताचा भागही काढावा लागेल. हे सगळं मी ऐकलं, पण कानात एकच शब्द वाजत होता, बहुतेक. बहुतेक वेळा. बहुतेक.

आधी कावीळ उतरू द्यायची होती. त्यात तीन आठवडे गेले. मी कारखान्यातून रजा घेतली आणि पिवळ्या सुतांचे नमुने घरी आणले, गडदपासून फिक्यापर्यंत एका दोऱ्यात ओवलेले. रोज सकाळी मंदाला गॅलरीत उभी करायचो. आमची गॅलरी उत्तरेला आहे. घर घेताना याच कारणासाठी ती मला नको होती, ऊन येत नाही म्हणून. तिची खालची पापणी अंगठ्यानं ओढायची आणि सुताचा नमुना डोळ्याशेजारी धरायचा.

"मी काय चादर हाय का?" ती पहिल्या दिवशी भडकली.

"हलू नकोस."

"आता धुवून बघा, रंग जातोय का!" आणि हसत सुटली. मुलगी पुण्याहून रजा काढून आली होती, तीही हसली. त्या दोघींना हसताना बघून मला खरं तर राग यायचा. मरण दारात उभं आहे आणि यांना थट्टा सुचते! मंदा जेवायची, झोपायची, शेजारणीला पापडाचं प्रमाण सांगायची. घाबरलेला घरात मी एकटाच आहे, याची मला खात्री होती. हळूहळू डोळे डाळीवरून लिंबावर आले, लिंबावरून सायीवर. रंग उतरला याचा आनंद व्हायला हवा होता. पण तो उतरला की ऑपरेशनची तारीख मिळणार होती, म्हणून एक दिवस मी मुद्दाम एक हात गडद सांगितला. बाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

ऑपरेशनच्या सकाळी तिला आत नेलं. संक्रांतीला भरणारी आमची गड्ड्याची जत्रा उठून गेली होती, तरी एक पिपाणीवाला दवाखान्याच्या फाटकाबाहेर वाजवत होता. मी त्याच्या अंगावर ओरडलो. तो बिचारा मुकाट्यानं निघून गेला आणि मग ती शांतता मला सोसेना. मुलगी पाणी आणायला गेली. सहा तासांनी दार उघडलं आणि सर्जन बाई हिरव्या कपड्यांत बाहेर आल्या. हातात स्टीलचा ट्रे. आमच्याकडे काढलेली वस्तू घरच्यांना दाखवायची पद्धत आहे.

"तुकडा तपासला. आत्ता तरी कर्करोग दिसत नाही. यकृत कापावं लागलं नाही. पण संपूर्ण गाठीचा रिपोर्ट आठ दिवसांनी. तोपर्यंत मी काही म्हणणार नाही."

ट्रेमध्ये चिरून उलगडलेली नळी होती आणि तिच्यात वाटाण्याएवढी एक गाठ. वर ट्यूबलाइट.

"बाई, हे जरा खिडकीपाशी नेता का?" मी म्हणालो.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग आल्या. ऑपरेशन करून दमलेली ती तरुण डॉक्टर ट्रे घेऊन कॉरिडॉरच्या टोकाला माझ्यासोबत आली, आणि खिडकीत आम्ही दोघं त्या गाठीवर वाकून उभे राहिलो. ती काळी नव्हती, पिवळी नव्हती. रंगाच्या कढईत पडायच्या आधी सूत असतं, तशी फिक्कट कोरी होती. रंगावरून यातलं काही कळत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी बराच वेळ बघत राहिलो आणि बाईंनी मला बघू दिलं.

ते आठ दिवस कसे गेले हे मला नीट सांगता येणार नाही. मंदाच्या पोटातून एक नळी बाहेर आली होती, तिच्या टोकाला पिशवी. "हिच्यात पिवळं-हिरवं दिसलं तर सांगा," नर्स म्हणाली होती. मी त्या पिशवीवर डोळे लावून बसायचो. तिसऱ्या दिवशी दुपारी मला तिच्यात हिरवट झाक दिसली. नर्स म्हणाली, काही नाही. मी म्हणालो, खिडकीत धरा. धरली, आणि तिचा चेहरा बदलला. बाई धावत आल्या. शिवलेल्या जागेतून थोडं पित्त झिरपत होतं. "थोडं आहे, आपोआप थांबेल, पण बरं झालं लवकर कळलं," त्या म्हणाल्या. दोन दिवसांनी थांबलं. मुलीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला मात्र बांधावरची मंदा आठवत होती, उन्हाकडे तोंड करून बसलेली.

आठव्या दिवशी रिपोर्टचं पाकीट घ्यायला मी एकटाच लॅबमध्ये गेलो. पाकीट हातात आलं आणि माझ्यानं ते उघडवेना. दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली बाकावर बसलो. पाकीट मांडीवर. उन्हात धरलं तर आतली अक्षरं पुसट दिसत होती, म्हणून ते सावलीत सरकवलं. मनात म्हटलं, हे बंद आहे तोवर ती बरी आहे. अर्धा तास मी तिला असं बरं ठेवलं. मग पाय ओढत वॉर्डात गेलो.

मंदा उशीला टेकून पेज पीत होती. माझा चेहरा बघितला आणि चमचा खाली ठेवला. "अवो, कुटं होतासा? बाई येऊन गेल्या की. साधी गाठ हाय म्हनं. लई कमी लोकास्नी होती, पन साधी हाय."

मी पाकीट तसंच तिच्या पायाशी ठेवलं, खिडकीकडे तोंड केलं आणि रडलो. मागून तिचा आवाज आला, "पेज घ्या जरा, ऊन-ऊन हाय." तोवर मैंदर्गीच्या रानातली ज्वारी टणक झाली होती आणि हुरड्याचा हंगाम संपला होता.

याला दोन वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी तपासणी होते, सगळं ठीक येतं. शिवलेली जागा कधी कधी आकसू शकते, खाज आली तर लगेच या, एवढंच बाईंनी सांगून ठेवलंय. पण एवढंच म्हणजे किती, हे भिणाऱ्याला विचारावं. रोज सकाळी मी तिला गॅलरीत नेतो. नमुने आता लागत नाहीत. "आला तपासनीस," ती म्हणते, डोळे मोठे करते, वर जीभही दाखवते.

आज तिनं तळवा खाजवला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. "चल."

"कुटं? सकाळी बगितलं की तुमी."

"चल म्हणतो ना."

"अवो, कूस हाय ती. कनसं चोळालेय मी, दिसंना का?"

"तेव्हाही कूसच होती."

ती हात पदराला पुसत माझ्यामागून आली. मी तिला कठड्याशी उभी केली, चष्मा कपाळावर चढवला, पापणी ओढली. डोळा पांढरा होता. दोन बारीक लाल शिरा, बाकी स्वच्छ पांढरा. दुसरा बघितला. तोही पांढरा. पुन्हा पहिला बघितला. मग सुटकेनं मागे सरलो तो माझं कोपर दोरीवरच्या चिमट्यांच्या परडीला लागलं आणि परडी खाली पडली. चिमटे फरशीभर झाले. त्यांच्यात एक छोटा गोल आरसा होता, उलटा पडलेला.

मी तो उचलला. आमच्या बेसिनवरचा आरसा. दोन वर्षांपूर्वी फुटला म्हणून मंदानं सांगितलं होतं, आणि मी तेव्हापासून कपाटाच्या आरशात दाढी करतो.

"हा फुटला होता ना?"

ती खाली बसून चिमटे गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी उठायच्या आदी हितं येऊन बघतीय मी. आतल्या दिव्यात दिसत न्हाई, तुमीच म्हनला होतासा."

"रोज?"

"रोज."

"कधीपासून?"

"दवाखान्यातनं आल्यापासनं."

"मग मी बघतो तेव्हा हसतेस कशाला?"

"दोगंबी भ्यालो तर च्या कुनी करायचा?" असं म्हणून ती उठली, परडी दोरीला अडकवली आणि उरलेली कणसं भाजायला आत गेली.

मी आरसा हातात धरून तिथंच उभा होतो. मग हातोडी आणि एक खिळा शोधून आणला, आणि गॅलरीच्या भिंतीवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला, आरसा टांगला.